माल्थसचा विद्यार्थी इंदापुरात

बारामती-इंदापूरकडच्या कॉलेजांत अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना रिकार्डोचा खंड सिद्धान्त परीक्षेपुरता पाठ असतो. अ, ब, क अशा तीन प्रतींच्या जमिनी, आकृतीत उतरत जाणारे तीन खांब, आणि खर्च वजा जाता उरलेला भाग म्हणजे खंड. दहा गुणांचा हमखास प्रश्न. पण हा सिद्धान्त नवा असताना, त्याचा हिशेब घालून खरोखरचा शेतसारा ज्या भागात बसवला गेला, त्यात आपला इंदापूर तालुका होता आणि तिथे त्याचा फज्जा उडाला, हे त्यांना कुणी सांगत नाही.

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. या विषयात शिरलो तो शब्दांच्या मागे लागून. महसूल, वसूल, रयत, मिरास, तगाई, खरीप, रबी, तहसील, जमाबंदी हे शब्द मराठी शेतकऱ्याच्या जिभेवर इतके बसलेत की ते अरबी-फारसीतून आले हे सांगितले तरी कुणाला खरे वाटत नाही. ‘रबी’ म्हणजे वसंत, आपल्या रबीउल अव्वल महिन्याच्या नावातला तोच. ‘मिरास’ आणि ‘वारस’ एकाच धातूतून निघालेले. ‘रयत’ या शब्दाच्या मुळाशी मेंढ्या राखणे आहे. ज्यांची राखण करायची ती रयत. धनगरांच्या वाड्यांनी भरलेल्या इंदापुरात या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. आणि ‘वसूल’ म्हणजे पोहोचणे, हाती येणे. गझलेत प्रेयसीची भेट म्हणून येणारा ‘विसाल’ याच घराण्यातला. एकाच धातूतून कवीने भेट काढली आणि कुलकर्ण्याने सारा, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात.

तर या वसुलीची गोष्ट एका विद्यार्थ्यापासून सुरू होते.

ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात पाठवायच्या पोरसवदा अधिकाऱ्यांना तयार करण्यासाठी इंग्लंडमध्ये एक कॉलेज काढले. १८०९ पासून ते हेलिबरी येथे भरत असे. तिथे इतिहास आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते थॉमस रॉबर्ट माल्थस. लोकसंख्येवरच्या निबंधामुळे आपल्याला माहीत असलेले तेच. १८०५ मध्ये त्यांची नेमणूक झाली आणि १८३४ अखेर मृत्यू येईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. जन्मापासून टाळूत दोष असल्यामुळे त्यांचे उच्चार स्पष्ट नव्हते. मुले मागे त्यांना ‘पॉप’ म्हणत. पाठ्यपुस्तक होते ॲडम स्मिथचे ‘वेल्थ ऑफ नेशन्स’. माल्थस त्यावर प्रश्न काढून देत आणि मुलांनी उत्तरे लिहायची. १८३० च्या सुमाराच्या एका विद्यार्थ्याची अशा प्रश्नांसह जपलेली प्रत पुढे संशोधकांच्या हाती लागली. म्हणजे प्रश्नोत्तरांची वही ही काही आपल्या गाइडवाल्यांची करामत नाही.

कॉलेजातले वातावरण मात्र साधुसंतांचे नव्हते. कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने आलेली ही सोळा-अठरा वर्षांची मुले. दंगे इतके होत की कॉलेज बंद करा अशी ओरड झाली आणि १८१७ मध्ये माल्थसना कॉलेजच्या बचावासाठी एक पुस्तिका लिहावी लागली. तरी त्याच गोंगाटात एक मोठे काम झाले. १८१५ मध्ये माल्थसनी खंडावर जे छोटे पुस्तक छापले, ते या वर्गांसाठी काढलेल्या टिपणांतून उभे राहिले होते. त्याच काळात रिकार्डो तोच विचार आपल्या पद्धतीने मांडत होते आणि १८१७ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. ज्या मुलांना हा सिद्धान्त ताजा-ताजा शिकवला गेला, त्यांत रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा एक हुशार विद्यार्थी होता. तो मुंबई इलाख्यात आला आणि पुणे जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर झाला.

पेशवाई १८१८ मध्ये गेली होती. नव्या सरकारपुढे प्रश्न एकच होता, सारा किती घ्यायचा? मलिक अंबरच्या काळचा ‘तनखा’ दफ्तरात होता, पेशवाईतला ‘कमाल’ आकार होता. मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. तो १६२६ मध्ये गेला, पण त्याची जमाबंदी दोनशे वर्षांनीही हिशेबात धरली जात होती. गावागावांतले हे जुने आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. प्रिंगलला वाटले, जुन्या आकड्यांच्या भानगडीत पडायचेच कशाला? आपल्याकडे शास्त्र आहे.

शास्त्र असे होते. समजा एका शेतात दहा रुपयांची ज्वारी झाली. बी, बैल, मजुरी, औते मिळून सहा रुपये खर्च झाला. उरले चार. हे चार रुपये जमिनीच्या कसामुळे मिळाले, कष्टामुळे नव्हे. म्हणून सरकारने त्यातून वाटा घेतला तर शेतकऱ्याच्या कष्टाला धक्का लागत नाही आणि धान्याचा भावही वाढत नाही. लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीत बसलेल्या जेम्स मिल यांचे तर मत होते की हा खंड म्हणजे सरकारचे हक्काचेच उत्पन्न. प्रिंगलने त्या उरलेल्या भागाचे ५५ टक्के सरकारचे ठरवले. आपल्या उदाहरणात दोन रुपये तीन आणे. कागदावर यात अन्याय दिसत नाही. उलट, निम्म्याला थोडा कमी वाटा शेतकऱ्याकडे सोडल्यामुळे ते उदारच वाटते.

१८२८ पासून दोनेक वर्षांत मोजणी झाली. प्रत्येक शेत मोजायचे, मातीची प्रत ठरवायची, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकते, पिकवायला किती खर्च येतो, ते विकून किती मिळते हे शोधायचे. हेतूत खोट नव्हती. खोट होती ती आकडा कुठून येतो यात. हजारो शेतांचा हिशेब एकट्या साहेबाला करता येणार नव्हता. तो करत होते कारकून आणि मोजणीदार. त्यांच्या हाती साखळी होती आणि तोंडी ‘ही जमीन अव्वल की दुय्यम’ हा निकाल. ज्याच्याकडे द्यायला काही होते त्याची काळी जमीन कागदावर हलकी झाली. ज्याच्याकडे नव्हते त्याच्या मुरमाला काळीचा भाव आला. पुढे तपासणी झाली तेव्हा ही मोजणी भरवशाची नाही असेच दिसून आले.

आणि खर्च म्हणजे तरी काय? घरच्या बाईने केलेली खुरपणी खर्चात धरायची का? स्वतःचा बैल म्हातारा होत चालला, त्याचे काय? सवाईने आणलेल्या बियाण्याचे व्याज? खळ्यावर रास झाली की सुतार, लोहार, चांभार, महार, मांग यांच्याबरोबर मुलाणीही उभा असे. गावातले बकरे हलाल करण्याचे, पिराची देखभाल करण्याचे त्याचे बलुते त्याला तिथेच मिळे. आपल्यातले काहीजण म्हणतात, शेतीच्या इतिहासाशी आपला काय संबंध? आपले पूर्वज तर बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी. अहो, शेतकऱ्याचे खळे आटले की सगळ्यात आधी उपाशी राहत ते हेच, खळ्याच्या कडेला उभे राहणारे. मुलाण्याची ओंजळ कोणत्या रकान्यात लिहायची, हे हेलिबरीच्या प्रश्नवहीत नव्हते.

त्यात हा मुलूखच वेगळा. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात इंदापूर आहे खरे, पण सह्याद्रीच्या पलीकडे पडून संपलेल्या पावसाचे शिंतोडे इथे येतात. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. तोही हस्ताचा पाऊस झाला तर रबीची ज्वारी, नाही तर कडबासुद्धा नाही. ‘सरासरी पीक’ नावाची गोष्ट इथे कागदावरच असते. शिवाय आकारणी रोख पैशात होती आणि धान्याचे भाव पडत चालले होते. नवा सारा लागू झाला आणि तो वसूल होईना. मग वसुलीसाठी माणसांचे हाल झाले. किती भयंकर, ते मुंबई सरकारच्याच नंतरच्या अहवालाने कबूल केले आहे. छळ, घरेदारे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात पळून गेलेली माणसे, पडीक पडलेल्या जमिनी. काही भागांत तर लागवडीजोग्या जमिनीपैकी तिसरा हिस्साच वहितीखाली उरला होता.

प्रिंगलचे यात काही बिघडले नाही. १८४७ मध्ये तो सिंधचा कमिशनर झाला.

१८३५ मध्ये दुसरा एक असिस्टंट, गोल्डस्मिड, इंदापुरात आला. त्याच्यासोबत लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा इंजिनिअर दिला गेला. या दोघांनी काय केले ते अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे मला वाटते. त्यांनी ‘खर्च वजा जाता किती उरते’ हा प्रश्नच बाजूला ठेवला. त्यांनी मागच्या वर्षांचे वसुलीचे आकडे काढले. कोणत्या वर्षी किती लावला, किती आला, किती सोडून द्यावा लागला, पाऊस कसा होता, किती जमीन वहितीत होती. त्यावरून, लोकांना न मोडता या तालुक्यातून किती रक्कम येऊ शकते याचा अंदाज बांधला. मग ती रक्कम शेताशेतावर वाटायची होती, आणि त्यासाठी त्यांनी माती खणली.

नुसती वरून पाहिली नाही, खणली. काळी, तांबडी, बरड असे मातीचे तीन प्रकार केले, खोली मोजली. सगळ्यांत खोल माती पावणेदोन हात, सोळा आणे. तिथून खाली चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटी दोन आणे, अशा नऊ प्रती. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे, पुराने वाहून जाणे, असा एकेक दोष निघाला की एक प्रत खाली. या दोषांना खुणा होत्या आणि त्या शेताच्या नकाशावर चौकोनांत मांडायच्या. त्यामुळे कारकुनाने काय लिहिले ते दुसऱ्याला त्याच जागी खड्डा घेऊन तपासता येई. प्रिंगलच्या आकड्याला असा खड्डा घेता येत नव्हता, माझ्या मते सगळा फरक इथे आहे. ही रीत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली आणि मुंबई इलाखाभर गेली. आपण आजही जो गुंठा म्हणतो, तो ३३ फुटी साखळीचा चौरस, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. त्या साखळीचेही सोळा आणेच होते.

१८३६ मध्ये इंदापुरात नवा हलका सारा तीस वर्षांच्या हमीने लागू झाला. पडीक जमिनी पुन्हा वहितीत येऊ लागल्या. याच विंगेटने निवृत्तीनंतर १८५९ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्या आर्थिक संबंधांवर पुस्तिका लिहून, इथला पैसा परतफेडीशिवाय तिकडे जातो याला खंडणी म्हटले. पुढे दादाभाई नौरोजींनी त्याचा दाखला दिला. इंदापूरची माती खणलेला माणूस शेवटी तिथे पोहोचला याचे मला नवल वाटत नाही.

योगायोग पाहा. गोल्डस्मिड इंदापुरात फिरत होता त्या १८३५ सालीच हेलिबरीत माल्थसच्या जागी रिचर्ड जोन्स आले. जोन्स यांनी १८३१ मध्येच लिहिले होते की रिकार्डोचा खंड हा इंग्लंडसारख्या, भांडवलदार शेतकरी असलेल्या देशापुरता. हिंदुस्थानातल्या रयतेच्या खंडाचा वर्ग त्यांनी वेगळाच केला. म्हणजे तिकडचे प्राध्यापकही तेच म्हणू लागले. पण ते छापून येईपर्यंत इंदापूरची माणसे भीमा ओलांडून गेली होती.

हे सारे इथेच संपले असते तर बरे झाले असते. तीस वर्षांची हमी १८६६ मध्ये संपली आणि फेरआकारणीची सुरुवातही इंदापुरातच झाली. मधल्या काळात रेल्वे भिगवणवरून सोलापूरपर्यंत पोहोचली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे आणि त्याबरोबर सगळ्याचेच भाव चढले होते. त्या चढ्या भावांवर नजर ठेवून सारा वाढवला गेला. युद्ध संपले, भाव कोसळले, वाढलेला सारा मात्र तसाच. १८७४ मध्ये सरकारला मर्यादा घालावी लागली, की तालुक्यात ३३ टक्क्यांहून, एका गावात ६६ टक्क्यांहून आणि एका खातेदाराला १०० टक्क्यांहून जास्त वाढ नको. अशी मर्यादा घालायची पाळी यावी यातच काय ते आले. दुसऱ्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकाने फोडली आणि खतपत्रे जाळली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. शाहमन्सूर यांच्या दर्ग्याचे सुपे. दख्खनचे दंगे म्हणून जे पाठ्यपुस्तकात येतात त्यांची पहिली ठिणगी ती. चौकशी आयोगातल्या ऑकलंड कोल्विन यांनी सावकाराइतकेच सरकारच्या साऱ्याकडेही बोट दाखवले.

आता दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे वळतो. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी त्या रकमेला वेगळे वळण दिले आणि काही भाग कॉलेजांतल्या ‘दक्षिणा फेलो’ मुलांकडे गेला. फेलो म्हणजे वरच्या पदवीसाठी शिकायचे आणि त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवायचे. महादेव गोविंद रानडे हे असे फेलो होते. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधल्या पहिल्या मॅट्रिकमध्ये पास झालेल्या २१ जणांतले, १८६२ चे पहिल्या तुकडीतले बी.ए., १८६४ चे एम.ए. एल्फिन्स्टन कॉलेजात ज्युनिअर फेलो असताना महिना ६० रुपये, सिनिअर झाल्यावर १२०. एम.ए. करता-करता तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आजच्या मुलामुलींना हे जगणे ओळखीचे वाटेल. बी.एड.च्या सराव पाठांत मागच्या बाकावर निरीक्षक बसलेला असताना शिकवण्याची धाकधूक मीही अनुभवली आहे, पण निदान तिथे मासिक वेतन थांबायची भीती नव्हती. रानड्यांच्या बाबतीत ती होती. चरित्रकार सांगतात की त्यांनी एका उत्तरात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरवले, तेव्हा प्राचार्य ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. प्राचार्यांचा रानड्यांवर लोभ होता म्हणतात. लोभ होता आणि पैसे बंद केले, दोन्ही खरे.

१८७१ मध्ये रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सार्वजनिक सभेच्या कामात पडले. साराकरणी किती जड झाली आहे याची गावोगावची माहिती सभेने याच काळात गोळा केली. फेरआकारणीचा तडाखा बसलेले तालुके पुण्याच्या उंबऱ्यावरच होते. पुढे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. पाश्चात्त्य अर्थशास्त्राची गृहीतके ही त्या समाजाची आहेत, इथला माणूस, इथली जमीनधारणा, इथला बाजार वेगळा आहे, म्हणून ते नियम जसेच्या तसे इथे चालणार नाहीत, हा त्याचा गाभा. हे व्याख्यान भारतीय अर्थशास्त्राचा आरंभ म्हणून शिकवले जाते. ते इंदापूर आणि सुप्याच्या पार्श्वभूमीवर वाचले तर जास्त कळते.

तोवर बारामतीचे रूप पालटायला लागले होते. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि जिथे ज्वारीची खात्री नव्हती तिथे ऊस उभा राहिला. सुप्याकडचा जिरायत भाग मात्र कोरडाच राहिला. एकाच तालुक्यात दोन देश असावेत तसे हे आजही दिसते.

आमच्याकडची काही मुलेमुली सध्या पदव्युत्तर प्रकल्पांसाठी, प्राध्यापकांच्या संशोधनासाठी गावोगाव प्रश्नावल्या घेऊन फिरतात. दुपारच्या उन्हात निमगाव, पळसदेव, सुपे, मोरगाव. प्रश्नावली बहुधा इंग्रजीत, विचारायची मराठीत, आणि काही घरांत दखनीत. त्या भाषांतरासाठी कधी-कधी ती माझ्याकडे येतात. परवा एका मुलीने विचारले, ‘सर, इम्प्यूटेड कॉस्ट ऑफ फॅमिली लेबरला काय म्हणू?’ मी म्हटले, ‘घरच्या माणसांच्या राबणुकीची मजुरी.’ तिने तसे विचारले तेव्हा खुरपणी करणाऱ्या एका खाला तिला म्हणाल्या, ‘बाई, तूच सांग किती लिहायची ती.’ तिने तो रकाना रिकामा ठेवला आणि समासात पेन्सिलीने त्यांचे उत्तर जसेच्या तसे लिहून आणले.